वडिलांच्या पश्चात येणी-देणी: १४ महिने झाले, गाडं अडलेलंच आहे

शाईचे_हात · १२ जून, रात्री १०:४०

बाबांना जाऊन १४ महिने झाले. नारायण पेठेत त्यांचा छोटा ऑफसेट छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन छोट्या प्रकाशकांची कामं. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ बंगळुरूला असतो, मी कोथरूडला, आई धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटी.

आता परिस्थिती सांगते. फ्लॅट एकट्या बाबांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी आई. एका राष्ट्रीयीकृत बँकेत साडेआठ लाखांची एफडी आहे, तिला नॉमिनी नाही. शाळा आणि प्रकाशकांकडून अंदाजे पावणेचार लाख येणं आहे. विम्याचे पाच लाख आईला मिळाले, तेवढं एकच काम वेळेत झालं.

देणी अशी: छपाईच्या मशीनसाठी एका सहकारी बँकेकडून घेतलेलं कर्ज, १४ लाख २० हजार बाकी, आणि त्याला फ्लॅट तारण. कागदाच्या व्यापाऱ्याची बिलं ३ लाख २० हजार. मशीनमन आणि बाइंडर यांचा अडीच महिन्यांचा पगार, दोघांचा मिळून १ लाख ५ हजार. क्रेडिट कार्डाचे ७८ हजार. एका मित्रासाठी बाबा एका पतसंस्थेत जामीन राहिले होते, तो मित्र हप्ते भरत नाही, म्हणून पतसंस्था आमच्याकडे चार लाख मागते आहे. आणि बाबांचे एक जुने स्नेही, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, ते म्हणतात की बाबांनी सहा लाख हातउसने घेतले होते. कागद कसलाच नाही. ते दर रविवारी आईकडे येऊन बसतात आणि "सहा लाख देणे आहे एवढी चिठ्ठी मुलीने लिहून द्यावी, पैसे सावकाश द्या" म्हणतात.

एफडी मोडायला गेले तर शाखेतून सांगितलं, सक्सेशन सर्टिफिकेट (मयताची येणी वसूल करायचा वारसांना कोर्टातून मिळणारा दाखला) आणा. कोर्टात एक-दीड वर्ष लागेल म्हणतात. एफडी मिळत नाही म्हणून देणी फिटत नाहीत, देणी फिटत नाहीत म्हणून व्याज वाढतंय. भाऊ म्हणतो फ्लॅट विकून मोकळे होऊ. मग आईने कुठे जायचं? मागच्या आठवड्यात सहकारी बँकेची सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ देणारा कायदा) नोटीस आली आहे, ६० दिवसांची.

हॉस्पिटलचं २ लाख १० हजारांचं बिल मी माझ्या बचतीतून भरलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कामगारांसमोरून जाताना मला मान वर करवत नाही. बाइंडर काकांनी मला लहानपणी कडेवर घेऊन मशीन दाखवलेलं आहे.

कुठून सुरुवात करू?

---

सिंहगड_रोड · १२ जून, रात्री ११:१५

ताई, बाकी जाणकार लिहितीलच. आज रात्री एकच सांगतो, ती चिठ्ठी लिहून देऊ नका. आईंनाही कुठेच सही करू देऊ नका, "पोच" म्हणूनसुद्धा नाही. माझ्या चुलतभावाने अशीच भिडेखातर सही केली होती. वडिलांचं देणं त्याच्या स्वतःच्या अंगावर आलं, आणि तीन वर्षं उलटून गेलेला व्यवहार पुन्हा जिवंत झाला तो वेगळाच.

---

वकील_शिवाजीनगर · १३ जून, सकाळी ७:५०

वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे अनेकांच्या घरात हेच चाललेलं असतं.

कर्ज बाबांचं आहे, म्हणजे ते बाबांच्या मालमत्तेवर आहे, तुमच्या पगारावर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० सांगतं की मयताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हातात आली आणि योग्य कारणासाठी खर्च झालेली नाही, तेवढ्यापुरताच वारस जबाबदार. "बापाचं ऋण मुलाने फेडलंच पाहिजे" हा जुना हिंदू कायद्यातला दंडक २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकला. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी फक्त त्या आधारावर मुलावर दावा चालत नाही. मात्र तुम्ही स्वतः "मी देईन" असं लिहून दिलंत तर तो तुमचा नवा करार होऊ शकतो. मुदत कायद्याच्या कलम १८ खाली मुदतीच्या आत दिलेली लेखी कबुली दावा लावायची तीन वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

याचा अर्थ देणी नाकारा असा मुळीच नाही. सध्या प्रत्येकाला एकच उत्तर द्या, तेही लेखी: "आपली मागणी पोचली, ती मान्य वा अमान्य करत नाही, आपल्याकडचे कागद अमुक तारखेपर्यंत द्या."

दुसरी गोष्ट क्रमाची. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ३२० ते ३२३ पाहा. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग कोर्टाकडून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला) वगैरे मिळवण्याचा खर्च. मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांत केलेल्या कामाची कामगारांची आणि घरगड्यांची मजुरी. त्यानंतर बाकीचे धनको, सगळे सारखे. पैसे कमी पडले तर ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात. ज्याच्याकडे तारण आहे त्याचा हक्क तारणावर वेगळा. ही कलमं मुळात मृत्युपत्राच्या व्यवस्थापकासाठी किंवा कोर्टाने नेमलेल्या प्रशासकासाठी आहेत, पण वारसांनी हाच क्रम पाळला तर उद्या "मला डावललं" म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. म्हणजे तुमचं हॉस्पिटलचं बिल पहिल्या पायरीवर येतं आणि बाइंडर काकांचा अडीच महिन्यांचा पगार काकांच्या सहा लाखांच्या पुष्कळ वर बसतो.

आणि एक प्रश्न. बाबांची आई आहे का?

---

शाईचे_हात · १३ जून, सकाळी ९:०५

आजी आहे, ८८ वर्षांची. सासवडला मोठ्या काकांकडे असते. तिचा याच्याशी काय संबंध?

---

वकील_शिवाजीनगर · १३ जून, सकाळी ९:३०

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मयत पुरुषाची आई ही वर्ग १ ची वारस आहे. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई, सगळ्यांना समान वाटा. तुमच्याकडे तीन नव्हे, चार वारस आहेत. प्रत्येकाचा पाव हिस्सा. मी पुण्यात जितकी अडलेली प्रकरणं पाहिली, त्यातल्या कितीतरींत आजीचं नाव कोणी लिहिलेलंच नसतं. मग फ्लॅटच्या वेळी खरेदीदाराचा वकील ते शोधून काढतो. सासवडच्या काकांना आजवर कोणी विश्वासात घेतलंय का?

---

शाईचे_हात · १३ जून, सकाळी ९:४२

नाही. आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

---

निवृत्त_बँकर · १३ जून, दुपारी २:२०

३४ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, त्यातली सहा वर्षं मयत खात्यांच्या दाव्यांच्या टेबलावर. एफडीबद्दल मी सांगतो.

शाखेने सक्सेशन सर्टिफिकेट मागितलं ते त्यांच्या सोयीसाठी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत ग्राहकांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले, ३१ मार्च २०२६ ही अंमलबजावणीची शेवटची तारीख. त्यात नॉमिनी नसलेल्या खात्यासाठी सोपी पद्धत आहे: सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, बाकीच्या बँकांत १५ लाखांपर्यंत. वारसांमध्ये वाद नसेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, नुकसानभरपाईचं हमीपत्र, जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांची ना हरकत, आणि वारस कोण हे सांगणारं कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र किंवा वारस दाखला. एवढ्यावर काम व्हायला हवं. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवस. उशीर झाला तर बँकेने भरपाई म्हणून व्याज द्यायचं. साडेआठ लाख त्या मर्यादेत बसतात.

शाखेत तोंडी बोलू नका. अर्ज दोन प्रतीत, एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख. नकार दिला तर "लेखी कारण द्या" म्हणा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार जाते, त्याला पैसे लागत नाहीत. माझ्या अनुभवात शिक्क्याची प्रत हातात असली की दोन खेपांत काम होतं.

पण आजीची सही त्यात लागेलच. म्हणून आधी सासवड.

क्रेडिट कार्डवाल्यांना मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि एक पत्र ईमेलने पाठवा. तारण नसलेलं कर्ज आहे, बाकीच्या धनकोंच्या रांगेत बसेल. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आईंना तसे फोन येत असतील तर वेळा लिहून ठेवा.

---

शाईचे_हात · १३ जून, दुपारी ३:१०

येतात. रात्री साडेनऊला सुद्धा आलाय. आई फोनच बंद करून ठेवते आता. मग मला वाटतं तिला काही झालं तर नाही ना.

---

कागदाचा_व्यापारी · १३ जून, रात्री ८:३५

मी पलीकडच्या बाजूने लिहितो आहे. बुधवार पेठेत कागदाचा धंदा आहे. तुमच्या बाबांशी माझा व्यवहार नव्हता, पण अशी माणसं माझ्या खातेवहीत आहेत.

छापखानेवाल्याला आम्ही रिमांवर रिम उधारीवर देतो. ९० दिवसांची उधारी म्हणतो, ती १५० दिवसांवर जाते. तो माणूस गेला की आम्ही अंत्यविधीला जातो, तेराव्याला जातो, आणि पैशाचं तोंडातून काढवत नाही. सहा महिन्यांनी घरी गेलो तर घरचे म्हणतात, आम्हाला काही माहीत नाही. चार वर्षांपूर्वी एका घराने मला असंच झुलवलं. आज बघू, उद्या बघू. मुलांनी गाळा विकला, पैसे वाटून घेतले, आणि माझी तीन वर्षं उलटून गेली. उधारीचे ठरलेले दिवस संपल्यापासून तीन वर्षं, तेवढीच मुदत असते बिलाला. माझे २ लाख ६० हजार बुडाले. माणसाचं नाव घेत नाही, पण मला अजून तो रस्ता नको वाटतो.

म्हणून ताई, तुमच्या कागदवाल्याला स्वतः फोन करा. आम्हाला लगेच पैसे नको असतात. आम्हाला कळायला हवं असतं की या घरात आमचं नाव यादीत आहे. ते नाही कळलं की माणूस वकिलाकडे जातो, कारण मुदत सरते आहे याची भीती असते. तुमच्याकडे येणारी निम्मी भांडणं या भीतीतून येतात.

त्याच्याकडून बिलं, डिलिव्हरी चलनं आणि खात्याचा उतारा मागा. चलनावर तुमच्या मशीनमनची सही असेल. पाच मिनिटांत खरं-खोटं होतं.

---

वकील_शिवाजीनगर · १३ जून, रात्री १०:००

कागदाचे व्यापारी, तुमच्या प्रकरणात गाळा विकून पैसे वाटून घेतले म्हणजे हक्क संपत नव्हता. वडिलांकडून हातात आलेल्या मालमत्तेच्या किमतीइतके ते वारस जबाबदारच होते. मृत्युपत्राप्रमाणे वाटप झालं असेल तरीही उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३६१ प्रमाणे धनको त्या लाभार्थ्याकडून परत मागू शकतो. दावा मुदतीत लावायला हवा होता एवढंच. आधीच दावा चालू असताना प्रतिवादी गेला, तर ९० दिवसांत वारसांना दाव्यात आणावं लागतं, नाहीतर तो दावा त्याच्यापुरता संपतो. व्यापारी मंडळींनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

आता ताईंच्या सरफेसी नोटिशीकडे. ६० दिवस म्हणजे ६० दिवस. सहकारी बँकांना हा कायदा लागू नाही असं काहीजण सांगतील, त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो लागू असल्याचं ठरवलं आहे. नोटिशीला लेखी म्हणणं द्या, बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर ताबा घ्यायला आले तर ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जाता येतं, ते पुण्यातच आहे. पण तिथवर जाऊ नये.

मशीन बंद पडून आहे का?

---

शाईचे_हात · १३ जून, रात्री १०:२५

हो. १४ महिने बंद. मशीनमन काका महिन्यातून एकदा येऊन रोलर फिरवतात, पैसे न घेता.

---

निवृत्त_बँकर · १४ जून, सकाळी ६:४५

मग आधी मशीन विका, फ्लॅट नाही. मशीनही बँकेकडे तारण आहे, त्यामुळे परस्पर विकायचं नाही. गिऱ्हाईक शोधा, किंमत लेखी घ्या, आणि बँकेला पत्र द्या की ही रक्कम थेट कर्जखात्यात जमा होईल, परवानगी द्यावी. सोबत एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव जोडा आणि दंडव्याज माफ करायला सांगा. बँकेला धायरीचा फ्लॅट लिलावात काढायची हौस नसते; लिलावाला वेळ, खर्च, कोर्ट सगळं लागतं. ९० दिवस हप्ता आला नाही की खातं थकीत होतं आणि मग त्यांची यंत्रणा आपोआप नोटीस काढते. समोरून कोणीतरी वारस ठोस आकडा घेऊन आला की ऐकतात.

कर्जासोबत विमा उतरवला होता का तेही मंजुरीपत्रात पाहा. पुष्कळदा प्रीमियम कर्जातूनच कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

---

दोन_भाऊ · १४ जून, सकाळी ११:१०

आमचं प्रकरण सात वर्षं चाललं म्हणून लिहितोय. आमच्यात बाहेरच्या धनकोपेक्षा घरातल्याच दोघांचा वाद होता. नॉमिनी म्हणून मोठ्या भावाला वाटलं घर आपलं. नॉमिनी फक्त सांभाळणारा असतो, मालक वारस असतात, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. पण आमच्या दादाला हे पटायला पाच वर्षं गेली, आणि तोवर वडिलांच्या देण्यावरचं व्याज मुद्दलाच्या वर गेलं. शेवटी घर विकूनच फेडलं. वहिनी आणि माझी बायको आजही बोलत नाहीत.

ताई, भावाला बंगळुरूहून एकदा बोलावून घ्या आणि एका टेबलावर बसा. फोनवर होत नाही हे.

---

मुळशीकर · १४ जून, दुपारी १२:३०

सहा लाखवाले काका व्याजाने पैसे देतात का? परवाना नसताना सावकारी करत असतील तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली त्यांच्या बाजूने हुकूमनामाच (कोर्टाचा वसुलीचा निकाल) होत नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करा.

---

शाईचे_हात · १४ जून, दुपारी १:००

नाही हो, ते सावकार नाहीत. शिक्षक होते. बाबांचे शाळेपासूनचे मित्र. व्याजाचा विषयच नाही. म्हणून तर काय करावं कळत नाही. खोटं बोलणारा माणूस नाही तो, आणि सहा लाख ही रक्कमही पटत नाही.

---

वकील_शिवाजीनगर · १४ जून, दुपारी १:४०

मग तक्रार नको. मैत्रीतले बिनव्याजी हातउसने म्हणजे सावकारी नव्हे. बाबांच्या चालू आणि बचत खात्यांचे मागच्या पाच वर्षांचे उतारे काढा, वारस म्हणून मिळतात. आणि छापखान्याच्या वह्या, डायऱ्या काही ठेवल्या असतील तर बघा. जुन्या पिढीतले छापखानेवाले सगळं लिहून ठेवायचे.

---

शाईचे_हात · १९ जुलै, रात्री ९:१५

महिनाभर आले नाही, पळापळ चालू होती. काय काय झालं ते लिहिते.

सासवडला मी आणि आई दोघी गेलो. मोठे काका पहिला तासभर बोललेच नाहीत. त्यांना वाटत होतं आम्ही फ्लॅट परस्पर विकतोय. मी सगळी यादी त्यांच्यासमोर ठेवली, येणं आणि देणं दोन्ही, आकड्यांसकट. आजीला ऐकू कमी येतं, काकांनी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मध्येच म्हणाली, "कामगारांचे दिले का?" मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, अंगठ्यासाठी हात पुढे केला. ना हरकतीवर अंगठा झाला, दोन साक्षीदार, गावातल्या डॉक्टरांचं पत्र की तिला समजतं आहे. हे पत्र घ्यायला इथल्याच एका ताईंनी व्यक्तिगत निरोप पाठवून सांगितलं होतं, त्यांचे आभार.

एफडीचा अर्ज शिक्क्यासह दिला. पहिल्या वेळी नाही म्हणाले, मी लेखी कारण मागितलं, चार दिवसांनी फोन आला की या. १९ दिवसांत पैसे आईच्या खात्यात आले. त्याच संध्याकाळी कामगारांचे १ लाख ५ हजार दिले, पावती घेऊन. बाइंडर काका पैसे मोजायला तयार नव्हते, मीच मोजून दिले.

मशीनला शिवणे गावाच्या बाजूच्या एका छापखान्याने ९ लाख दिले. बँकेने परवानगी दिली, रक्कम थेट कर्जखात्यात. उरलेल्या ५ लाख २० हजारांतलं दंडव्याज सोडून बँक ४ लाख ६० हजारांवर तयार झाली. ते एफडीतून भरले. फ्लॅटचं तारण सुटल्याचं पत्र मिळालंय, मूळ कागद पुढच्या आठवड्यात. विमा नव्हता, मंजुरीपत्र पाहिलं.

कागदवाल्यांना दीड लाख दिले, बाकी येणी वसूल होतील तशी. ते म्हणाले तुम्ही स्वतः फोन केलात तेव्हाच मी वकिलाला थांबवलं. कागदाचे व्यापारी, हे तुमच्यामुळे.

आता त्या सहा लाखांबद्दल. बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात लाल कापडी वही सापडली. त्यात चार वर्षांपूर्वीची नोंद आहे, काकांचं नाव आणि ४,००,०००. सहा नाही, चार. आणि बँकेच्या उताऱ्यात काकांच्या नावाचे तीन चेक: ६० हजार, ५० हजार, ३० हजार. शेवटचा चेक बाबा जायच्या चार महिने आधीचा. म्हणजे २ लाख ६० हजार बाकी.

मी वही आणि उतारा घेऊन काकांकडे गेले. ते बराच वेळ वही बघत राहिले. नंतर म्हणाले की आकडा त्यांच्या मनात सहाच बसला होता, आणि चेक कशाबद्दल आले हे ते विसरले होते. त्यांना विसरायला होतंय, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या मुलालाही तिथेच कळलं. रविवारी येऊन बसायचे ते पैशासाठी नव्हतं, असं आई म्हणते.

आता प्रश्न: हे २ लाख ६० हजार मुदतीत आहेत का? भावाचं म्हणणं, चार वर्षं झाली, कायद्याने द्यायला लागत नाहीत.

---

वकील_शिवाजीनगर · २० जुलै, सकाळी ८:००

मुदतीत आहेत. मुदत कायद्याचं कलम १९: तीन वर्षांच्या आत ऋणकोने भागशः रक्कम भरली आणि ती त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीच्या कागदावर दिसत असेल, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं. बाबांच्या सहीचे चेक आहेत. शेवटच्या चेकपासून तीन वर्षं धरा. भावाला हे दाखवा.

द्यायचे ठरवलंत तर "वडिलांच्या मालमत्तेतून, वारस या नात्याने" असे शब्द लिहून द्या, स्वतःच्या नावाने कर्ज कबूल करू नका. त्यांच्या मुलाची साक्षीदार म्हणून सही घ्या, त्यांच्या विसरण्यामुळे पुढे कोणालाच त्रास नको.

येण्यांबद्दल: शाळा आणि प्रकाशक सामोपचाराने देत असतील तर घ्या. कोणी दावा लावायला भाग पाडलं, तर मात्र उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१४ प्रमाणे सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय हुकूमनामा मिळत नाही. मोठं येणं एकच असेल तर तेवढ्यापुरता अर्ज करता येतो.

फ्लॅटसाठी वेगळं. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं, घरासाठी नाही. घरासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला दिवाणी कोर्टातून, किंवा चौघांत एकमत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. सोसायटीत आई नॉमिनी म्हणून तात्पुरत्या सभासद होऊ शकतात, तो अर्ज आजच करा. आणि हक्कसोडपत्र आत्ता घाईने करू नका. पतसंस्थेचं प्रकरण मिटलेलं नाही, आणि धनको बाकी असताना वाटणी केली तर ती टाळाटाळ दिसते.

---

शाईचे_हात · २० जुलै, रात्री ९:५०

भावाला वही आणि चेक दोन्हींचे फोटो पाठवले. त्याने उत्तर दिलं, "दे."

पतसंस्थेचं सांगा ना. बाबा गेले म्हणजे जामीनकी संपत नाही का?

---

वकील_शिवाजीनगर · २१ जुलै, सकाळी ७:३०

नाही. जामीनदार गेला की पुढे होणाऱ्या व्यवहारांपुरती चालू जामीनकी संपते, करार कायद्याचं कलम १३१. आधीच उचललेल्या कर्जाला त्याची मालमत्ता जबाबदार राहते. आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, त्यामुळे "आधी त्याच्याकडे जा" असं म्हणून भागत नाही. मात्र तुम्ही भरलेत तर त्या कर्जदाराकडून वसूल करायचा पूर्ण हक्क तुम्हाला येतो, कलम १४० आणि १४५. त्याची काही तारणं पतसंस्थेकडे असतील तर तीही.

पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा (दिवाणी दावा न लावता थकबाकी वसूल करायचा आदेश) अर्ज केला आहे का?

---

शाईचे_हात · २१ जुलै, सकाळी ८:१५

हो, उपनिबंधक कार्यालयाची नोटीस आहे. ११ ऑगस्ट. बाबांच्याच नावाने काढली आहे.

---

वकील_शिवाजीनगर · २१ जुलै, सकाळी ८:४०

तर मग त्या दिवशी हजर राहायचंच. अनेकजण "मयताच्या नावाने आहे, आपल्याला काय" म्हणून जात नाहीत आणि दाखला एकतर्फी निघतो. नंतर त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाला (फेरतपासणीला) जायचं तर कलम १५४ प्रमाणे आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. चार लाखांचे दोन लाख हातातून जातात, नुसतं ऐकून घ्या म्हणण्यासाठी.

मृत्यूचा दाखला द्या, चारही वारसांची नावं आणि पत्ते द्या, सगळ्यांना नोटीस निघू द्या. मग मूळ कर्जप्रकरणाची प्रत मागा: अर्ज, जामीनपत्र, कर्जखात्याचा उतारा. जामीनपत्रावर बाबांची सही कुठल्या रकमेला आहे ते पाहा. कर्ज नंतर वाढवलं किंवा नवं-जुनं केलं असेल आणि त्यावर बाबांची सही नसेल, तर तुमचा मुद्दा तिथे आहे. कर्जदार आज कुठे राहतो, काय करतो तेही लेखी सांगा, त्याच्यावरही दाखला निघायला हवा.

---

मुळशीकर · २१ जुलै, दुपारी १२:०५

कर्जदाराची जमीन असेल तर गावाचा सातबारा ऑनलाइन बघून उतारा सोबत न्या. पतसंस्थेचा वसुली अधिकारी शहरातल्या फ्लॅटवाल्याच्या मागे लागतो कारण तो सापडतो. समोर गट नंबर ठेवला की तोही तिकडे वळतो. माझ्या मामांच्या वेळी असंच झालं.

---

शाईचे_हात · २१ जुलै, रात्री १०:३०

भोर तालुक्यात त्यांची शेती आहे एवढं आईला आठवतंय, बाबा एकदा तिथे हुरड्याला गेले होते. गावाचं नाव उद्या मोठ्या काकांना विचारते, ते त्या भागात नोकरीला होते. सातबारा मिळाला तर इथे लिहिते.

आईने आज दीड महिन्यांनी फोन चालू ठेवला.